तीन नंबरच्या भट्टीचा बद्रीनाथ

बद्रीनाथ तौरला भुवया नव्हत्या. म्हणजे होत्या, पण भट्टीच्या दाराशी वाकून वाकून त्या जळायच्या आणि धड उगवायच्या आत पुन्हा जळायच्या. त्यामुळे त्याचा चेहरा कायम काहीतरी अघटित ऐकल्यासारखा दिसे. कंपनीच्या बसमध्ये पहिल्यांदा त्याच्या शेजारी बसले तेव्हा मी न राहवून विचारलं होतं, "काही झालंय का?" तर तो शांतपणे म्हणाला, "नाही मॅडम, तोंडच असं हाय."

आम्ही दोघंही बिबवेवाडीचे. मी खालच्या सोसायट्यांतली, तो वर टेकडीवरच्या अप्पर वस्तीत राहणारा. सकाळी एकाच थांब्यावरून बस आम्हाला उचलायची आणि हडपसरला कारखान्याच्या दारात सोडायची. कारखान्याचा धंदा साधा. लोखंडाचे ठोकळे भट्टीत पिवळे होईपर्यंत तापवायचे आणि अजस्र हातोड्याखाली घालून त्यांचे ट्रकचे ॲक्सल घडवायचे. मी प्लॅनिंगमध्ये होते. कोणता माल कोणत्या दिवशी घडवायचा हे मी ठरवायची, आणि बद्रीनाथची भट्टी तापली तर तो त्या दिवशी घडायचा. आमच्या ऑफिसातल्या विद्वानांना हे शेवटपर्यंत उमगलं नाही. त्यांना वाटायचं माल संगणकावर घडतो.

तो मूळचा जालन्याकडचा. तरुणपणी पुण्याला आला, हेल्पर म्हणून लागला, आणि तीन नंबरच्या भट्टीपाशी जो उभा राहिला तो तिथलाच झाला. पुढे त्याने गावाकडची दोन-चार पोरंही याच भट्ट्यांच्या शेडमध्ये आणून चिकटवली. समाधान हा त्यांतला सगळ्यात तिखट. ही माणसं त्याच्या शब्दावर गाव सोडून आली होती आणि ती गोष्ट बद्रीनाथ कधी विसरला नाही. कुणाचं लग्न, कुणाचं आजारपण, कुणाची खोली, सगळ्यात हा पुढे. बोलायचा मात्र मोजकं. चहा पार निववून प्यायचा. दिवसभर आगीपाशी उभं राहिल्यावर पोटात आणखी गरम कशाला, असं त्याचं म्हणणं होतं.

मग कारखान्यात हायड्रोजन आला.

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक युरोपातलं. त्यांच्याकडे आता माल कसा आहे याबरोबर तो घडवताना किती धूर सोडला हेही विचारू लागले होते. आमच्या भट्ट्या आधी फर्नेस ऑइलवर चालत, नंतर पाइपातल्या गॅसवर. धूर कमी झाला, पण कार्बनपासून काही सुटका नव्हती. तेव्हा साहेबांनी ठरवलं की तीन नंबरच्या भट्टीत हायड्रोजन जाळून पाहायचा. उन्हाच्या किंवा वाऱ्याच्या विजेने पाणी फोडायचं, त्यातून हायड्रोजन काढायचा, तो जाळायचा, आणि धुराड्यातून बाहेर पडणार ती वाफ. ऐकायला एखादं स्तोत्र वाटावं इतकं पवित्र. प्रत्यक्षात नळकांड्यांच्या जुड्या लादलेला एक लांबलचक ट्रेलर गुजरातेतून यायचा आणि हडपसरच्या चौकात अडकून पडायचा.

आमचे शॉप मॅनेजर अभय यांनी सगळ्यांना शेडमध्ये जमवून स्पष्ट सांगितलं. दसरा झाला की गिऱ्हाइकाची माणसं येणार, त्यांच्यासमोर चाचणी होणार. पास झालो तर चारही भट्ट्या हायड्रोजनवर जातील आणि शेड चालू राहील. नाहीतर गिऱ्हाईक जाईल, आणि ते गेलं तर शेडही जाईल. बोलताना ते मुद्दाम बद्रीनाथकडे पाहत होते, कारण भट्टी त्याची होती. त्या संध्याकाळी बसमध्ये तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मॅडम, मला दुसरं काहीच येत नाही. आणि ह्या पोरांना मी आणलंय." एवढंच.

बर्नर बसवायला पुष्कर नावाचा एक तरुण इंजिनियर येऊ लागला. चांगला मुलगा, पण मराठी सुरू करून मध्येच इंग्रजीत पळून जायचा. त्याने बद्रीनाथला पहिल्याच दिवशी सांगितलं, "काका, हायड्रोजनची फ्लेम दिसत नाही. लिटरली दिसत नाही. सो तुम्ही डोळ्यांवर ट्रस्ट करायचाच नाही."

"जळतंय, पण दिसत नाही?"

"एक्झॅक्टली."

"मग भूतच म्हणा की," बद्रीनाथ म्हणाला.

बरेच दिवस तो भेदरलेला होता. ज्वाळेचा रंग बघून ज्याचं आयुष्य गेलं, त्याला आता एका कोऱ्या भोकाकडे बघायचं होतं. तिथे ज्योत आहे की नाही हे ओळखायचं काम एका बोटभर सेन्सरकडे होतं. आपल्याला न दिसणारे किरण त्याला दिसत. बर्नर पेटवल्यावर थोड्या सेकंदांत त्याला ज्योत दिसली नाही की गॅस आपोआप बंद व्हायचा. ते फार गरजेचं होतं, कारण न जळलेला हायड्रोजन भट्टीत साठला आणि मागाहून ठिणगी पडली, तर शेडचं छप्पर उडून शेजारच्या मुंढव्यात पडलं असतं. शेडमधली माणसं त्या सेन्सरला 'डोळा' म्हणू लागली. तो काढून त्याची काच कोरड्या कापडाने पुसायची आणि परत बसवायची, हे काम पुष्करने बद्रीनाथला नेमून दिलं.

आणि हळूहळू गंमत अशी झाली की त्या डोळ्यावर बद्रीनाथचा जीव जडला. दर शनिवारी तो हात धुऊन, पुसून, मग डोळा काढायचा. पॅनेलवरचा हिरवा दिवा लागला की मान डोलवायचा. एकदा मला म्हणाला, "मला दिसत नाही ते त्याला दिसतंय. आपलं वय झालं की चष्मा लागतोच ना." हायड्रोजनवर पहिल्यांदा ठोकळे तापले त्या दिवशी त्याने समाधानला धुराड्याच्या तोंडाकडे बघायला लावलं. वर काहीच नव्हतं, नुसती हवा थरथरत होती. मी इतकी वर्षं त्याला ओळखत होते, पण तो हसताना त्याचे किती दात पडलेत हे मला त्या दिवशी कळलं.

खंडेनवमीला आमच्या कारखान्यात मोठी धांदल असते. यंत्रं धुवायची, हत्यारं घासून तेलाच्या बोळ्याने पुसायची, लाल कापडावर मांडायची, झेंडूच्या माळा, नारळ, पेढे. आदल्या वर्षापर्यंत भट्टीच्या दाराशी समई लावून पूजा व्हायची. या वर्षी तीन नंबरपाशी ट्रेलर उभा, त्यामुळे सेफ्टीवाल्यांनी दिवा, उदबत्ती, कापूर सगळ्यावर बंदी घातली. बद्रीनाथ अभयसाहेबांकडे गेला. फूल चालेल का, तर कुंपणाबाहेर. नारळ, तर तोही बाहेर. त्याने वाद घातला नाही. मी पेढे घ्यायला गेले तेव्हा तो एका उपड्या खोक्यावर बसून नटबोल्टचे पाने, चिमटे, सांडश्या एकेक करून तेलाने पुसत होता. मी म्हटलं, "या वर्षी तुमच्या भट्टीची पूजा कोरडीच म्हणायची." तो म्हणाला, "दिवा नाही तर नाही. पुसण्यात तरी कसूर नको."

दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. तिसऱ्या दिवशी चाचणी.

युरोपातून दोन माणसं आली होती, एक उंच बाई आणि एक गप्प गृहस्थ. सगळ्यांनी टोप्या, चष्मे चढवले. चाचणीचे ॲक्सल माझ्या यादीतले, म्हणून मीही तिथे होते. भट्टी आधी नेहमीच्या गॅसवर लाल करून ठेवलेली होती. पुष्करने तो गॅस तोडला, हवा फिरवली, हायड्रोजन सोडला, ठिणगी पडली. आणि पॅनेलवर लाल दिवा लागून सगळं बंद झालं.

पुन्हा हवा फिरवली, पुन्हा ठिणगी, पुन्हा लाल दिवा. तिसऱ्यांदाही तेच. पुष्करच्या गळ्यावरून घाम वाहू लागला. अभयसाहेब पाहुण्यांकडे बघून हसत होते आणि मराठीत दातओठ खात होते. शेवटी ते पुष्करच्या कानाशी गेले, पण शेडमध्ये हातोडे बंद असल्यामुळे आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. "ज्योत लागतेय, आवाज येतोय ना. सेन्सरच गंडलाय. एक वायर टाक आणि त्याला बायपास कर, त्याच्याशिवाय चालू दे. चाचणीपुरतं."

पुष्कर म्हणाला, "सर, असं नाही करता येत." पण त्याचा हात पॅनेलच्या दाराकडे गेला होता. मोठ्या माणसाने दटावलं की या वयाच्या मुलांचा हात असाच जातो.

तेवढ्यात बद्रीनाथ पुढे झाला. त्याने डोळा फिरवून बाहेर काढला, काचेवरून अंगठा फिरवला, मग तोच अंगठा दुसऱ्या बोटाशी चोळून पाहिला. उभ्या आयुष्यात तो पहिल्यांदा खरोखर चकित झालेला मी पाहिला.

"वायर टाकू नका," तो म्हणाला. "डोळा बिघडलेला नाही. मी पुसलाय त्याला. खंडेनवमीला. तेलानं."

मग त्याने नीट सांगितलं. बाकीची हत्यारं पुसताना हाही काढला. कोरड्यानेच पुसायचा हे माहीत होतं. पण कोरडं हत्यार पूजेला ठेवायचं कसं, म्हणून बोळा एकदाच हलका फिरवला. काच तर आरशासारखी दिसत होती.

ती दिसणारच होती. तेलाचा तो पापुद्रा आपल्या डोळ्यांना दिसत नाही, पण सेन्सर ज्या किरणांवर जगतो ते त्यातून पार होत नाहीत, असं पुष्करने मला नंतर समजावलं. त्या उंच बाईने विचारलं, हा गृहस्थ काय म्हणतोय. अभयसाहेब "काही नाही, थोडी धूळ" असं काहीसं म्हणू लागले, पण पुष्करने सगळं जसंच्या तसं इंग्रजीत सांगून टाकलं. त्यालाही मी दोष देत नाही. वायर टाकायची पाळी टळली या आनंदात तो होता.

काच स्पिरिटने पुसली. डोळा बसवला. ठिणगी पडली आणि हिरवा दिवा लागला. त्यानंतर संध्याकाळपर्यंत भट्टी अशी चालली की काय सांगू. ठोकळे एकसारखे तापले, ॲक्सल घडले, मोजमापात बसले. धुराड्यातून वाफेशिवाय काही गेलं नाही. गप्प गृहस्थांनी बद्रीनाथशी हात मिळवला. आम्हाला वाटलं, जिंकलो.

दिवाळी झाली आणि शेड बंद करायचं जाहीर झालं. ऑर्डर समुद्रकाठच्या नव्या कारखान्याला दिली होती, तोही आमच्याच मालकांचा. तिथे हायड्रोजन जागेवरच तयार होणार, आणि भट्टीपाशी माणूस लागणारच नाही. इथल्यांना पैसे घेऊन घरी बसा असं सांगितलं. समाधानने भर सभेत विचारलं, "साहेब, चाचणी तर पास झाली होती ना?"

अभयसाहेब म्हणाले, "त्या दिवशी काय झालं ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय."

एवढंच. बद्रीनाथचं नाव घेतलं नाही, त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते काम बाकीच्यांनी केलं. शेडमधले सगळे वळून त्याच्याकडे बघू लागले आणि तो जमिनीकडे बघत उभा राहिला. मला त्या क्षणी अभयसाहेबांच्या तोंडावर काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. हाताशी फक्त पेन होतं.

शेवटचे काही आठवडे बसमध्ये त्याच्या शेजारची जागा रिकामी राहायची. मी मुद्दाम तिथे जाऊन बसायची, पण माझ्या बसण्याने काय होणार, मी काही त्याच्या गावची नव्हते. एका सकाळी समाधान मागच्या सीटवरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बद्रीभाऊ, पुसलंत ते एक वेळ आम्ही गिळलं असतं. सगळ्यांदेखत सांगितलंत कशाला? गप काढून पुसायचा होता डोळा."

बद्रीनाथने मागे वळूनही पाहिलं नाही. "साहेब वायर टाकत होते," तो म्हणाला. "तू भट्टीच्या दाराशी उभा होतास."

समाधान जागा बदलून त्याच्या शेजारी मात्र आला नाही.

शेड बंद झालं. माणसं पांगली. समाधान आता स्वारगेटला रिक्षा लावतो. बाकीचे गावी गेले आणि तिथे बद्रीनाथबद्दल काय सांगत असतील ते सांगायला नको. त्या वर्षी तो गावच्या जत्रेला गेला नाही. त्याची बायको दीपमाला घरी ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते. तयार झालेली कापडं घरोघर पोचवायचं काम बद्रीनाथने घेतलं. भट्टीतला ठोकळा सांडशीने ओढणारे ते भाजलेले हात, त्यात प्लॅस्टिकच्या पिशवीतले ब्लाउज. बायका दार उघडून त्याच्याकडे बघतात आणि विचारतात, काही झालंय का. आता तो 'तोंडच असं हाय' म्हणत नाही. भुवयाही हळूहळू उगवल्यात, पांढऱ्या.

मीही निवृत्ती घेतली. या उन्हाळ्यात मार्केट यार्डाजवळच्या एका कार्यालयात भाचीबरोबर लग्नाला गेले होते, तिथे पंगतीत शेजारी अभयसाहेब. आता ते नव्या कारखान्यात वरच्या हुद्द्यावर. मठ्ठ्याचा दुसरा पेला घेता घेता ते मोकळेपणाने म्हणाले, "अहो, हडपसर बंद करायचं गणपतीच्या आधीच ठरलं होतं. ट्रेलरने हायड्रोजन आणून पुण्यात परवडतो का? शेडच्या जागेला काय भाव आलाय माहितेय ना?"

मी विचारलं, "मग चाचणी कशाला घेतलीत?"

"तंत्र चालतं हे गिऱ्हाइकाला कुठेतरी दाखवायला नको का? नवा कारखाना उभा राहायचा होता. आणि चाललं की उत्तम."

"आणि बद्रीनाथ?"

"त्याचं नाव मी कुठे घेतलं?" ते खरोखरच्या आश्चर्याने म्हणाले आणि जिलबी वाढणाऱ्याला हाक मारली. मी पानावरून उठले. अन्नाचा अपमान केला म्हणून माझी भाची अजून मला बोलते.

दोन दिवसांनी बद्रीनाथ माझा ब्लाउज घेऊन आला. मी त्याला दारातून आत घेतलं, बसवलं, चहा केला आणि निवायला ठेवला. मग सगळं सांगितलं. गणपती, ट्रेलर, जागेचा भाव, सगळं. म्हटलं, "बद्रीनाथ, तुमच्या तेलाच्या बोळ्याने काही झालं नाही. तुम्ही तेल लावलं असतं काय, नसतं काय, शेड जाणारच होतं. मी आजच समाधानला शोधून हे सांगते. गावीही कळू दे सगळ्यांना."

मला वाटलं होतं, त्याच्या छातीवरचा धोंडा उतरेल. त्याने कप जवळ ओढला. चहावर साय धरली.

"म्हंजे त्या दिवशी भट्टी चालली, ती कुणी बघतच नव्हतं," तो म्हणाला.

मी म्हटलं, "बघत होते हो. पण—"

"नका सांगू, ताई." इतक्या वर्षांत तो मला पहिल्यांदा ताई म्हणाला. "पोरांना तर नकाच सांगू. माझ्या हातून गेलं असं म्हटलं, तर आम्ही काहीतरी खरं करत होतो आणि ते माझ्याकडून चुकलं, एवढं तरी राहतं. तुम्ही म्हणता तसं असंल, तर आम्ही सगळेच तिथं कोण होतो?"

त्याने चहा एका घोटात संपवला, पिशवीतून माझा ब्लाउज काढून टेबलावर नीट ठेवला, आणि पुढचं घर खालच्या गल्लीत आहे असं सांगून जिना उतरला. मी अजून समाधानला काही सांगितलेलं नाही.